जो लुईचे देणे

वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत कोणाला जागा द्यावयाची याचे नियम काटेकोर आहेत. रणांगणावर पडलेले, दीर्घकाळ लष्करी सेवा करून निवृत्त झालेले, विशिष्ट शौर्यपदकांचे मानकरी अशांचाच तेथे अधिकार पोचतो. जागा थोडी आणि मागणारे फार, त्यामुळे या नियमांना सहसा मुरड घातली जात नाही. १९८१ च्या एप्रिलमध्ये मात्र ती घातली गेली. मुष्टियुद्धाचा माजी जगज्जेता जो लुई १२ एप्रिल रोजी लास व्हेगास येथे वारला. महायुद्धाच्या काळात तो सैन्यात होता. परंतु आर्लिंग्टनच्या नियमांत तो बसत नव्हता. स्वतः गोळी लागून नुकतेच इस्पितळातून घरी आलेले अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नियम शिथिल केला आणि २१ एप्रिलला लष्करी इतमामाने लुईचे दफन झाले.

हा निर्णय चुकला असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न निराळाच आहे. एका माणसाच्या कामगिरीकडे पाहून सरकारला आपला नियम वाकविता येतो, हे १९८१ मध्ये अमेरिकेला उमगले. मग ते १९५० मध्ये का उमगू नये? त्या वर्षी लुई छत्तीस वर्षांचा होता, जगज्जेतेपद सोडून निवृत्त झाला होता आणि प्राप्तिकर खात्याने पाच लाख डॉलरांहून अधिक थकबाकीचा तगादा त्याच्यामागे लावला होता. ज्या सरकारने युद्धकाळात त्याचे चित्र भित्तिपत्रकांवर छापून तरुणांना सैन्यात बोलाविले, तेच सरकार पुढली दहाबारा वर्षे त्याचे सावकार होऊन बसले. लुईच्या ठोशांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या व्यवहाराकडे मात्र एका बेहिशेबी खेळाडूची शोकांतिका म्हणूनच पाहिले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे.

जोसेफ लुई बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यातील लाफायेत गावाजवळ झाला. आठ भावंडांत तो सातवा. बाप कापसाच्या मुलखातला कष्टकरी. लुई दोन वर्षांचा असताना त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. तो तेथेच वारला अशी बातमी कळल्यावरून आई लिली हिने पुढे पॅट ब्रूक्स नावाच्या विधुराशी लग्न केले. १९२६ मध्ये हे कुटुंब दक्षिणेतील वर्णद्वेषाला आणि दारिद्र्याला कंटाळून उत्तरेस डेट्रॉइटला आले. मोटारींच्या कारखान्यांत काम मिळे, म्हणून त्या काळी हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे याच वाटेने गेली. मंदी आली तेव्हा ते कामही गेले आणि ब्रूक्स कुटुंबाला नगरपालिकेच्या साहाय्यनिधीवर दिवस काढावे लागले. आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे पोराने मुष्टियुद्धाच्या तालमीत भरले, ही कथा सर्वश्रुत आहे. १९३२ साली हौशी खेळाडू म्हणून तो पहिल्यांदा रिंगणात उतरला तेव्हा सात वेळा खाली पडला, ही तितकी सर्वश्रुत नाही. दोन वर्षांनी, ४ जुलै १९३४ रोजी, शिकागो येथे तो व्यावसायिक म्हणून पहिली लढत जिंकला. तिचे त्याला ५९ डॉलर मिळाले.

त्याचे दोघे व्यवस्थापक, जॉन रॉक्सबरो आणि ज्यूलियन ब्लॅक, आणि प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न हे तिघेही कृष्णवर्णीय होते, आणि आपल्या हाती काय आले आहे याची त्यांना पुरती जाणीव होती. त्यांच्या डोळ्यांपुढे जॅक जॉन्सनचे उदाहरण होते. जॉन्सन हा हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. १९०८ ते १९१५ ही त्याची कारकीर्द. तो गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांना हसत हसत लोळवी, गोऱ्या स्त्रियांशी त्याने लग्ने केली, आणि गोऱ्या अमेरिकेने त्याला कोर्टकचेऱ्यांत गुंतवून देशाबाहेर पळावयास लावले. त्याला न्यायालयाने ठरविलेला गुन्हा माफ व्हावयास २०१८ साल उजाडावे लागले. जॉन्सननंतर बावीस वर्षे त्या गटाचे जगज्जेतेपद एकाही कृष्णवर्णीयाच्या हाती आले नाही. म्हणून लुईसाठी नियम ठरले: गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यावयाचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे आनंद दाखवावयाचा नाही, ठरवून केलेली लढत लढावयाची नाही, रिंगणाबाहेरही वागणे स्वच्छ ठेवावयाचे. लुईचा तो निर्विकार चेहरा आणि अबोलपणा पुढे प्रसिद्ध झाला. त्यात स्वभावाचा वाटा असेलही. पण विजय मिळाल्यावर न हसणे ही रिंगणात उभे राहू देण्याची अटच होती, हे विसरून त्याच्या ‘विनम्रते’चे गोडवे गाणे बरे नव्हे. गोऱ्या वृत्तपत्रांनी त्याला चांगले म्हटले खरे, पण त्याच लेखांत त्याची तुलना जंगलातल्या श्वापदांशी करावयास ती चुकली नाहीत.

१९३५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये त्याने इटलीच्या प्रीमो कार्नेराला हरविले. मुसोलिनीच्या फौजा इथिओपियावर चालून जाण्याच्या बेतात असताना झालेल्या या लढतीकडे हार्लेमच्या वस्तीने केवळ खेळ म्हणून पाहिले नाही. सप्टेंबरात मॅक्स बेअर चौथ्या फेरीत संपला. अशा वेळी, १९ जून १९३६ रोजी, जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने बाराव्या फेरीत लुईला लोळविले. डावा ठोसा मारल्यावर लुईचा हात खाली येतो, हे श्मेलिंगने हेरले होते. त्या फटीतून त्याचा उजवा हात पुनःपुन्हा आत गेला. नाझी प्रचारयंत्रणेने या विजयाचा वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून डांगोरा पिटला. वर्षभराने, २२ जून १९३७ रोजी, लुईने शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून जगज्जेतेपद मिळविले. तरी श्मेलिंगला हरविल्याखेरीज आपण स्वतःस जगज्जेता म्हणविणार नाही, अशीच त्याची भाषा होती.

ती लढत बरोबर एका वर्षाने, २२ जून १९३८ रोजी झाली. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लुईला भेटीस बोलावून जर्मनीला नमविण्यास असल्याच दंडांची गरज आहे अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सांगतात. यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर माणसे जमली होती आणि रेडिओला कान लावून बसलेल्यांची गणतीच नव्हती. लढत १२४ सेकंद चालली. श्मेलिंगला दोरांना टेकवून लुईने जो मारा केला त्यात त्याच्या पाठीच्या मणक्याला दुखापत झाली, आणि तेथून त्याला थेट इस्पितळात न्यावे लागले. अलाबामात ज्याला गोऱ्याच्या शेजारी बसून जेवता आले नसते, त्या माणसाच्या विजयासाठी त्या रात्री अलाबामातील कित्येक गोऱ्यांनी जयजयकार केला असेल. अमेरिकेला हिटलरविरुद्ध एक पुरावा हवा होता, आणि लुईच्या रूपाने तो मिळाला होता. पुरावा सादर करून झाला की त्याचे स्थान पुन्हा दप्तरात, याची कल्पना त्या रात्री कोणाला असणार?

येथे श्मेलिंगविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. तो नाझी पक्षाचा सभासद कधीच नव्हता. त्याचा अमेरिकेतील व्यवस्थापक ज्यू होता आणि वरून दडपण येऊनही श्मेलिंगने त्याला सोडले नाही. त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये ज्यूंची घरेदुकाने फोडली जात असताना त्याने आपल्या ओळखीच्या एका ज्यू गृहस्थाच्या दोन मुलांना हॉटेलातील स्वतःच्या खोलीत लपविले. ही हकीकत त्याने स्वतः कधी सांगितली नाही. त्या मुलांपैकी एकाने कित्येक वर्षांनी ती उघड केली. ज्या दोन माणसांना दोन राष्ट्रांनी आपापल्या ध्वजात गुंडाळून एकमेकांवर सोडले, ती दोन्ही आपापल्या ध्वजाहून मोठी होती.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. ९ जानेवारी १९४२ रोजी लुई आपले जगज्जेतेपद पणाला लावून बडी बेअरशी लढला आणि त्या लढतीची आपली सारी मिळकत त्याने नौदलाच्या साहाय्यनिधीला देऊन टाकली. ही रक्कम सत्तेचाळीस हजार डॉलरांच्या घरात होती. त्या वेळच्या अमेरिकन नौदलात कृष्णवर्णीयाला कोणते काम मिळे? गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात रांधण्यावाढण्याचे. इतर कामांसाठी भरतीचे दार जून १९४२ पर्यंत उघडले नव्हते. असल्या दलाला पैसे का देतोस, असे त्याला त्याच्याच लोकांनी विचारले. अमेरिकेत पुष्कळ काही बिघडलेले आहे, पण ते हिटलर काही दुरुस्त करणार नाही, या आशयाचे त्याचे उत्तर आजही सांगितले जाते. राजकारणाच्या जाणकारांनी पानेच्या पाने खर्चूनही याहून नेमके काही सांगितले नसते. बेअरशी लढून होताच तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. शिपायाचा पगार तेव्हा महिना २१ डॉलर होता. मार्चमध्ये त्याने पुन्हा एकदा आपले पद पणाला लावले, एब सायमनला सहाव्या फेरीत हरविले आणि ती मिळकत भूदलाच्या साहाय्यनिधीला दिली.

पुढील साडेतीन वर्षांत त्याने सैनिकांपुढे ९६ प्रदर्शनीय लढती दिल्या. त्या पाहणाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या आसपास होती असे मानतात. ज्या सैन्यासाठी तो हे करीत होता, त्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, बराकी वेगळ्या होत्या, करमणुकीच्या जागाही वेगळ्या होत्या. काळ्या सैनिकांना मागे किंवा बाहेर बसविले तर आपण लढणार नाही, असे त्याने सांगितले. कॅन्सस राज्यातील फोर्ट रायली येथे कृष्णवर्णीय तरुणांना अधिकारी-प्रशिक्षणात प्रवेश मिळेना, तेव्हा त्याने वॉशिंग्टनमधील आपल्या ओळखीचा उपयोग केला आणि त्यांना प्रवेश मिळाला. त्या तरुणांत जॅकी रॉबिन्सन होता, ज्याने पुढे १९४७ मध्ये बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली. अलाबामातील एका लष्करी तळावर मात्र गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसची वाट पाहत थांबल्यावरून लष्करी पोलिसांनी खुद्द लुईला आणि त्याच्याबरोबरच्या शुगर रे रॉबिन्सनला पकडून नेले. जन्मभूमीने केलेले हे स्वागत! १९४५ मध्ये सेवेबद्दल त्याला ‘लीजन ऑफ मेरिट’ हे पदक मिळाले. सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा अध्यक्ष ट्रूमन यांचा हुकूम निघाला तो जुलै १९४८ मध्ये.

आता त्या थकबाकीकडे यावयास हरकत नाही. सैन्यात असताना लुईला लढतींचे उत्पन्न नव्हते; घरखर्च, नातेवाईक, आश्रित हे सारे होतेच. प्रवर्तक माइक जेकब्स याच्याकडून तो उसने घेत राहिला. १९ जून १९४६ रोजी बिली कॉनशी त्याची दुसरी लढत झाली आणि तिचे सुमारे सहा लाख डॉलर त्याच्या नावे जमा झाले. त्यातून जेकब्सची उचल, व्यवस्थापकांचा वाटा, घटस्फोटित पत्नीचे देणे हे सारे वजा झाले. कर मात्र शिल्लक राहिला, आणि तो साऱ्या रकमेच्या मानाने. अमेरिकेत त्या वर्षी वरच्या पायरीचा दर ८६ टक्क्यांच्या वर होता. कराची आकारणी वर्षावारी. आधीची चार वर्षे हा माणूस लष्कराच्या तुटपुंज्या पगारावर होता ही गोष्ट आकारणीच्या तक्त्यात कोठेच बसत नव्हती. चारपाच वर्षांचे उत्पन्न सरासरीने धरण्याची सर्वसाधारण सवलत अमेरिकन कायद्यात आली १९६४ मध्ये. शेतकरी, लेखक, खेळाडू यांच्यासारख्या, एका वर्षी पीक आणि चार वर्षे पड अशी ज्यांची मिळकत, त्यांना असा कायदा कसा नाडतो याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

याहून विचित्र गोष्ट दानाची. नौदलाला आणि भूदलाला ज्या दोन लढतींची मिळकत त्याने देऊन टाकली, तीही प्राप्तिकर खात्याच्या लेखी लुईचे उत्पन्न ठरली, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्या काळी दानाबद्दल मिळणाऱ्या वजावटीला उत्पन्नाच्या १५ टक्क्यांची मर्यादा होती. म्हणजे मिळकतीचा थोडा हिस्सा देणाऱ्याला पुरी सूट, आणि सारे देऊन टाकणाऱ्याला हिशेब द्यावयाचा! मराठी वाचकाला येथे कर्णाची आठवण होईल. पण कवचकुंडले मागावयास आलेला इंद्र निदान पुन्हा त्यावरचा आकार वसूल करावयास आला नव्हता.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ज्या शिक्षकाचा, ज्या कारकुनाचा कर पगार हाती पडण्याआधीच कापून घेतला जातो, त्याने विचारावे की लाखो डॉलर मिळविणाऱ्याची कणव कशाला? कायदा सर्वांना सारखा. लुईने सूट घालून रेस्टॉरंट काढले, सॉफ्टबॉलचा संघ पोसला, स्वतःच्या नावाचे थंड पेय बाजारात आणले, गोल्फवर पैजा लावून पैसे गमावले. मागेल त्याला दिले आणि न मागणाऱ्यालाही दिले. कर कोण भरतो आहे, किती भरतो आहे, हे त्याने कधी विचारले नाही. कारकिर्दीत त्याच्या नावे चाळीस लाख डॉलरांहून अधिक जमा झाले आणि त्यातले आठ लाखांच्या आसपासच त्याच्या हाती आले, असे म्हणतात. उरलेले कोठे गेले हे पाहणे दुसऱ्या कोणाचे काम होते काय?

नव्हते. पैशाच्या बाबतीत लुई निष्काळजी होता आणि त्याबद्दल त्याला दोष दिलाच पाहिजे. परंतु निष्काळजी माणूस आणि बुडवा माणूस यांत फरक असतो. हाती पहिले मोठे पैसे येताच, १९३५ मध्ये, त्याने काय केले? मंदीच्या दिवसांत आपल्या कुटुंबाने डेट्रॉइट नगरपालिकेकडून जे साहाय्य घेतले होते, ते त्याने आपण होऊन परत केले. ते कोणी मागितले नव्हते. ते परत द्यावे असा कायदाही नव्हता. त्याच्यावर फसवणुकीचा खटला कधी झाला नाही. शिवाय पगारदाराच्या कराची कपात मुळातच होते, त्यामुळे त्याच्यावर असा प्रसंग येत नाही. अमेरिकेत ही कपातीची पद्धत १९४३ पासून आहे. पण मुष्टियोद्ध्याची रक्कम कपातीविना, एकगठ्ठा, वाटेकऱ्यांच्या गर्दीत हाती पडे. सहावी-सातवीपलीकडे न गेलेल्या, शिकवणीचे पैसे तालमीत भरलेल्या त्या पोराकडून ८६ टक्क्यांचे गणित सुटावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी ते गणित एकदा स्वतः मांडून पाहावे.

खरे म्हणजे १९५० नंतरचे गणित कोणालाच सुटण्याजोगे नव्हते. थकलेल्या करावर तेथे दरसाल सहा टक्के व्याज चढे; पाच लाखांवर ते वर्षाला तीस हजार झाले. चालू वर्षाचा कर आधी द्यावयाचा. एकट्या माणसाच्या एक लाख डॉलर करपात्र उत्पन्नातले सुमारे दोन-तृतीयांश कराच्या रूपाने जात, आणि दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक डॉलरमधील ९१ सेंट सरकारचे. कमवावे तर कर वाढतो, न कमवावे तर व्याज वाढते. कोकणातल्या नाहीतर मराठवाड्यातल्या कुळाला सावकाराच्या वहीची ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लुईच्या नावावरील आकडा दहा लाख डॉलरांच्या पलीकडे गेला होता.

या वहीपायी लुई पुन्हा रिंगणात आला. जगज्जेतेपद त्याने १ मार्च १९४९ रोजी स्वखुशीने सोडले होते. सुमारे बारा वर्षांत त्याने ते पंचवीस वेळा राखले. हेवीवेट गटात एका सलग कारकिर्दीतील हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. जर्सी जो वॉलकॉटशी १९४७ मध्ये झालेल्या लढतीत आपण कसेबसे वाचलो, पंचांचा कौल ऐकून प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, हे त्याला कळले होते. पुढल्या वर्षी वॉलकॉटला अकराव्या फेरीत पाडून त्याने हिशेब पुरा केला आणि मगच थांबला. कोठे थांबावे हे कळणारे विजेते थोडे. त्याला ते कळले होते. थांबू दिले गेले नाही. २७ सप्टेंबर १९५० रोजी एझर्ड चार्ल्सने पंधरा फेऱ्यांत त्याला गुणांवर हरविले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांपलीकडे फेकले. लुई तेव्हा सदतीस वर्षांचा होता, डोक्यावर विरळ केसांतून टक्कल दिसू लागले होते. लहानपणापासून ज्याला दैवत मानले त्याला आपण पाडले या दुःखाने मार्सियानो नंतर त्याच्या खोलीत जाऊन रडला. खात्याने रडण्याचे कारण नव्हते. त्याला या लढतीतून आपला हप्ता मिळावयाचा होता. एका थकलेल्या माणसाने डोक्यावर मार खाऊन आणलेला पैसा सरकारी तिजोरीत जमा करून घेणे हे कायदेशीर होते. त्याला न्याय म्हणता येईल की नाही, हे ठरविण्याचे काम मात्र कायद्याच्या पुस्तकावर सोपवून भागणार नाही.

१९५३ मध्ये त्याची आई वारली. तिने लुईसाठी मागे ठेवलेले ६६७ डॉलर खात्याने सरकारजमा केले. १९५६ मध्ये जगज्जेता लुई पैशांसाठी ठरवून केलेल्या कुस्त्यांच्या खेळात उतरला. ‘ठरवून केलेली लढत लढावयाची नाही’ हा रॉक्सबरोचा नियम ज्याने वीस वर्षे पाळला, त्याला तो सरकारच्या देण्यासाठी मोडावा लागला. तेथेही एका अंगावर धावून आलेल्या पैलवानामुळे छातीला दुखापत झाली आणि तो धंदा बंद पडला. अखेर साठीच्या दशकाच्या आरंभी खाते तडजोडीस आले: जुन्या थकबाकीची वसुली बाजूस ठेवून चालू उत्पन्नावरचा कर तेवढा घ्यावयाचा. लुईची तिसरी पत्नी मार्था ही स्वतः वकील होती, याचा येथे उपयोग झाला. ही तडजोड करावयास कोणताही नवा कायदा लागला नाही. जे अधिकार खात्याला तेव्हा होते ते दहा वर्षांपूर्वी नव्हते, असे दाखविणारे काहीच समोर नाही. बदलले ते एवढेच की आता त्याच्याकडून मिळण्याजोगे काही उरले नव्हते.

साठीच्या त्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांच्या दृष्टीने लुई मागे पडला. महंमद अलीने त्याला गोऱ्यांपुढे वाकणारा म्हणून हिणविले, आणि अलीने १९६७ मध्ये सैन्यभरतीस नकार दिला तेव्हा लुईनेही त्याला बोल लावले. दोघांचेही बोलणे त्या काळाच्या तापात झाले. पुढे दोघे स्नेहाने वागले. अलीचे धैर्य मोठेच होते. त्याचे पद काढून घेतले गेले, ऐन उमेदीची साडेतीन वर्षे वाया गेली. परंतु त्याच्या बाजूने उभे राहणारे एक न्यायालय होते आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. सरकारला नकार देणाऱ्याला दाद मागता आली. सरकारला होकार देणाऱ्याने ती कोठे मागावयाची? आपण होऊन दिलेल्या गोष्टीविरुद्ध अपील नसते.

शेवटली वर्षे लुईने लास व्हेगासमधील सीझर्स पॅलेस या जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्यात घालविली. याची हेटाळणी करण्याची रीत आहे. ती उचित नाही. तेथे त्याला मान होता, राहावयास घर होते. मध्यंतरी अमली पदार्थांचे व्यसन आणि मनाचा आजार यांतून तो गेला. १९७७ मध्ये हृदयाजवळच्या महारोहिणीवर शस्त्रक्रिया झाली आणि नंतर चाकांच्या खुर्चीशिवाय त्याला हिंडता येईना. श्मेलिंग युद्धानंतर जर्मनीत कोका-कोलाच्या धंद्यात सुखवस्तू झाला होता. तो जुन्या प्रतिस्पर्ध्याला भेटावयास येई आणि येताना मदतीचा हात पुढे करी. पुढे २००५ मध्ये, नव्व्याण्णवाव्या वर्षी, तो वारला. ११ एप्रिल १९८१ च्या रात्री सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्सची लढत झाली. लुई चाकांच्या खुर्चीवरून ती पाहावयास आला होता आणि उपस्थितांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे हृदय थांबले. शोकसभा त्याच जुगारगृहाच्या क्रीडामंडपात झाली.

त्यानंतरच्या सन्मानांना तोटा नव्हता. डेट्रॉइटमध्ये त्याच्या मुठीचे प्रचंड शिल्प १९८६ मध्ये उभारले गेले. १९८२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याला मरणोत्तर सुवर्णपदक दिले. हे पदक देण्यासाठी काँग्रेसला दरवेळी स्वतंत्र कायदा करावा लागतो. सभागृहांत विधेयक मांडले जाते, संमत होते आणि अध्यक्षांची सही होते. एकेका नागरिकाला दिलासा देण्यासाठीही काँग्रेस असेच खास कायदे करते आणि १९५० च्या सुमारास तर अशा कायद्यांची संख्या शेकड्यांनी होती. जो लुई बॅरो, डेट्रॉइट, याच्या नावाचा तसला कायदा त्यांत नव्हता.